मिशिगनमधली संगीतोपचाराची ऐंशी वर्षं

डेट्रॉइटच्या मोटारउद्योगामुळे ट्रॉय परिसरात मराठी घरं वसली. त्यांतल्या एखाद्या घरी मूल उशिरा बोलू लागतं किंवा स्वमग्नतेचं निदान होतं, तेव्हा आईवडिलांच्या कानावर संगीतोपचाराचं नाव येतं. या विद्येचा पहिला विद्यापीठीय अभ्यासक्रम याच राज्यात, ईस्ट लान्सिंगच्या मिशिगन स्टेट कॉलेजात १९४४ साली सुरू झाला. तेव्हा डोळ्यांसमोर होते युद्धात जखमी झालेले सैनिक.

मुलांच्या बाबतीत मोठी कलाटणी मिळाली ती १९५९ मध्ये, इंग्लंडमधल्या सनफील्ड या संस्थेत. अमेरिकन संगीतकार पॉल नॉर्डॉफ आणि विशेष शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स यांनी मुलांना गाणी ऐकवत बसण्याऐवजी मुलांचंच ऐकायला घेतलं. मूल ढोलावर वेडावाकडा हात मारायचं, किंचाळायचं. नॉर्डॉफ तीच लय, तोच स्वर पियानोवर उचलायचे. गायकाच्या मागे कान देऊन जाणाऱ्या तबलजीसारखी ही संगत. आपण काही केलं की समोरून उत्तर येतं, हे ज्या मुलाला कधी उमगलंच नव्हतं त्याला ते उमगतं. या साऱ्या इतिहासातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

हक्काची बाजू कायद्यानं उभी केली. मिशिगननं केंद्रीय कायद्याच्या चार वर्षं आधी, १९७१ मध्येच विशेष शिक्षण बंधनकारक केलं आणि इथे ते वयाच्या २६ व्या वर्षापर्यंत मिळू शकतं. संगीतोपचार मात्र आपोआप पदरात पडत नाही. मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात त्याची गरज नोंदवून घ्यावी लागते. राज्याच्या मेडिकेड या सरकारी आरोग्यविम्यातल्या चिल्ड्रन्स वेव्हर योजनेतही तो आहे, पण पात्रतेच्या अटी कडक आहेत.

संगीतोपचाराचा उपयोग किती, याचा पुरावा संमिश्र आहे. २०१७ साली नऊ देशांतल्या ३६४ स्वमग्न मुलांवरच्या त्याच्या चाचणीत लक्षणांच्या तीव्रतेत ठळक फरक दिसला नाही. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात, २६ अभ्यास एकत्र पाहता, एकूण सुधारणेची शक्यता वाढल्याचं आढळलं. म्हणून 'गाण्यानं ऑटिझम बरा होतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. संवादासाठी मात्र हा मार्ग जरूर धरावा.

घरची भाषा सोडा, इंग्रजीच बोला, असा सल्ला अनेक पालकांना मिळत आला. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांचं नुकसान होतं असं संशोधनात दिसलेलं नाही. तेव्हा थेरपिस्टला घरातली अंगाई, बडबडगीतं, टाळ्यांसकट आरती रेकॉर्ड करून द्यावी. ओळीचा शेवटचा शब्द मुलासाठी मोकळा सोडण्याची त्यांची पद्धत मराठी गाण्यातही तितकीच चालते.