सांबऱ्याचा विमानतळ आणि बेळगावची पेठ

प्रवासास गेलेल्या गृहस्थाने रिक्त हस्ते घरी परतू नये, ही आपल्या समाजातील जुनी रीत आहे. यात्रेकरू क्षेत्राहून प्रसाद आणतो, परगावच्या पेठेस गेलेला व्यापारी मुलाबाळांसाठी खाऊ आणतो, माहेरवाशीण सासरी परतताना फराळाचा डबा नेते. वस्तू लहान असली तरी तीमागील भाव मोठा असतो. मात्र ज्या काळी प्रवास बैलगाडीने अथवा आगगाडीने होत असे, त्या काळी वस्तू निवडण्यास सवड होती. विमानाच्या प्रवाशास ती सवड राहिलेली नाही. शहरातील काम उरकून तो घाईघाईने विमानतळ गाठतो आणि शेवटच्या पाव तासात जे पुडके हाती लागेल ते घेऊन निघतो. त्या पुडक्यावरूनच दूरच्या घरी आपल्या गावाची परीक्षा होते, ही गोष्ट व्यापारी बंधूंनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

बेळगावचा विमानतळ शहराच्या पूर्वेस सुमारे १० किलोमीटरांवर सांबरा गावी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, ब्रिटिश वायुदलाने तो शिक्षणासाठी उपयोगात आणला. उत्तर कर्नाटकातील हा सर्वांत जुना विमानतळ होय. २०१७ च्या सप्टेंबरात प्रवाशांसाठी नवी इमारत उघडण्यात आली आणि १० मार्च २०२४ रोजी त्याहून मोठ्या इमारतीची कोनशिला बसली. तथापि मुंबई-बंगळूरच्या विमानतळांवर जशा दुकानांच्या रांगा असतात, तशी अपेक्षा सांबऱ्यासारख्या ठिकाणी धरणे योग्य नव्हे. लहान विमानतळाचे खरे दुकान म्हणजे त्याच्या मागे असलेले शहर. यास्तव पाहुण्याने खरेदी शहरातच उरकावी, व यजमानाने त्यासाठी त्याला एक तास तरी मोकळा ठेवावा.

त्या तासात काय घ्यावे? बेळगाव म्हटले की प्रथम आठवतो तो कुंदा. दूध आटवून, दह्याच्या योगाने ते फोडून, साखरेबरोबर खरपूस तपकिरी रंग येईपर्यंत परतीत राहावे, तेव्हा हा रवाळ पदार्थ सिद्ध होतो. त्याची सारी गोडी आचेवरच्या धीरात आहे. परंतु तो दुधाचा पदार्थ असल्याने दूरच्या प्रवाशाने ताजाच घ्यावा. ज्यास आणखी काही दिवस वस्तू टिकावी असे वाटते, त्याने गोकाकचा करदंट घ्यावा. कानडीत करिद म्हणजे तळलेला व अंटु म्हणजे डिंक. तुपात तळलेला डिंक, सुका मेवा, सुके खोबरे आणि गूळ यांची ही वडी होय. तीत कंदमूळ नसल्याने नियमाच्या घरीही ती निःशंकपणे देता येते. लग्नकार्यातील मांडे मात्र विमानाच्या पिशवीत नेऊ पाहणाऱ्याने जपावे. पालथ्या भांड्यावर भाजलेली ती कागदासारखी पातळ घडी वरून थोडेसे ओझे पडले तरी चुरा होते.

गणपत गल्ली आणि खडे बाजार येथील गर्दीतून पुढे शहापुरास जावे. पूर्वी सांगली संस्थानात असलेले हे शहापूर व त्यास लागून असलेली वडगाव, खासबाग ही विणकरांची वस्ती होय. येथे व आसपासच्या दुकानांत शहापुरी साड्यांबरोबर इरकली लुगडीही मिळतात. अस्सल इरकलीची एक खूण सांगून ठेवण्याजोगी आहे: अंगाचा ताणा आणि पदराचा रेशमी ताणा हे निरनिराळे असून फासे घालून ते एकमेकांस जोडलेले असतात. पदर जेथे सुरू होतो तेथे उलट बाजूने पाहिल्यास हा जोड दिसतो. आज या भागात यंत्रमागांची संख्या फार मोठी आहे, आणि यंत्रमागाचे कापड वाईट असते असेही नाही. स्वस्त, टिकाऊ वस्तू म्हणून त्याचा मान त्यास आहेच. हातमागाच्या नावाने ते विकले जाते, तेव्हा मात्र विणकर आणि गिऱ्हाईक या दोघांचीही फसवणूक होते. २००६ पासून सरकारने हातमागाच्या कापडासाठी स्वतंत्र चिन्ह दिलेले आहे. ते पाहून घेण्याची सवय पाहुण्यास लावणे हे दुकानदाराच्याच हिताचे आहे.

येथे आपल्या धर्मशिक्षणाचा प्रश्न येतो. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात, सातव्या अध्यायात, अचौर्यव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कमी-अधिक मापे ठेवणे आणि अस्सल म्हणून नकली वस्तू विकणे या दोहोंची गणना आहे. सरकारी नियम त्यानंतर कित्येक शतकांनी आले. सुट्या मिठाईवर ती कोणत्या दिवसापर्यंत खावी हे दुकानात दर्शविण्याचे बंधन १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाले. एकाच बंद वस्तूवर शहरात एक व विमानतळावर दुसरी अशी दोन कमाल किंमत छापू नये, हा नियम १ जानेवारी २०१८ पासून आला. ज्याने सूत्रातील शिकवण घरीच ऐकली, त्यास या नियमांत नवे असे काय वाटावे?

बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती उभी आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ च्या सुमारास बांधविलेले हे जिनालय. तेथे दर्शनास येणारा परगावचा साधर्मी बंधू संध्याकाळी आपल्याच पेठेतून काहीतरी घेऊन सांबऱ्यास जातो. त्याच्या पेटीत चामड्याची वस्तू नसेल. पण शहापूरची साडी, गोकाकची वडी, बेळगावकडील सुवासिक तांदळाची लहान पिशवी यांस नक्कीच जागा असेल.

नव्या इमारतीबरोबर दुकानांसाठी जागा निघतील व त्यांची भाडी मोठी असतील. एकट्या लहान दुकानदारास ती झेपतील असे वाटत नाही. कुंद्यावाला, करदंटवाला आणि कापडवाला यांनी एकत्र येऊन एखादे सामाईक दुकान मांडता येईल काय, याचा विचार आताच व्हावा. न झाल्यास ती जागा बाहेरचा कोणी घेईल, आणि बेळगावच्या नावाची पेटी बेळगावात न बनलेल्या मालाने भरली जाईल. ज्या पेठेने आपल्या कित्येक पिढ्यांस भाकरी दिली, तिचे नाव अशा पेटीवर दुसऱ्यानेच छापू नये, इतकी काळजी तरी आपण घ्यावयास हवी.