एका गुणाने ऑलिम्पिक फायनल हुकते, म्हणून नेमबाज गोळ्यांचीही परीक्षा घेतात

31 जुलै 2024. पॅरिस ऑलिम्पिकमधली 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्सची पात्रता फेरी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 590 गुणांसह सातवा आला आणि पहिल्या आठांत बसला. भारताचाच ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर 589 गुणांवर अकरावा राहिला आणि बाहेर पडला. 60 गोळ्या, 600 पैकी गुण आणि दोघांत फरक फक्त एकाचा. दुसऱ्या दिवशी स्वप्नीलने कांस्यपदक जिंकलं, ते सगळ्यांना आठवतं. पण हा एक गुण नेमका कुठे जातो?

50 मीटरवरचं 10 गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे साधारण शर्टाच्या बटणाएवढं! हात, श्वास, वारा हे सगळं आलंच. पण नेमबाज पुतळ्यासारखा स्थिर राहिला तरी गोळी भरकटू शकते.

त्याचं एक कारण काडतुसात आहे. इथे .22 कॅलिबरची, शिशाची गोळी वापरतात. तिचा वेग सेकंदाला सुमारे 320 ते 330 मीटर, आवाजाच्या वेगापेक्षा थोडा कमी. एक गोळी 320 ने आणि दुसरी 330 ने सुटली, तर 50 मीटरवर त्या सुमारे 7 मिलिमीटर वर-खाली लागतात. नेम तोच, बोट तेच, तरी 10 चे 9 होऊ शकतात.

दुसरं कारण रायफलची नळी. गोळी सुटताना नळी बारीक थरथरते आणि प्रत्येक नळीची थरथर वेगळी. त्यामुळे एकाच कंपनीचा, एकाच नावाचा माल असूनही एका रायफलला एक लॉट मानवतो, दुसरीला नाही. महागडं खोकं घेतलं की काम झालं, हा समज इथेच चुकतो.

मग करतात काय? एले, लापुआ, आरडब्ल्यूएस यांसारख्या कंपन्यांच्या चाचणी केंद्रात रायफल शिकंज्यात घट्ट बसवतात. माणसाचा हात मध्ये नकोच. मग वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या झाडायच्या आणि ज्या लॉटची छिद्रं सगळ्यात जवळजवळ पडतात, तो निवडायचा. आवडलेला लॉट खेळाडू एकदम जास्त घेऊन ठेवतात, कारण तो संपला की शोध पुन्हा पहिल्यापासून.

या रायफलमध्ये दर वेळी एकच काडतूस हाताने भरतात. आपोआप काडतूस भरणारी सेमी-ऑटोमॅटिक का नाही? नियमच तसा आहे, पण अचूकतेच्या दृष्टीनेही ते बरं. आपोआप भरताना मऊ शिशाची गोळी घासली जाऊ शकते. शिवाय काडतूस अडकू नये म्हणून त्याची जागा किंचित सैल ठेवावी लागते. सेमी-ऑटोमॅटिकचं काम वेगाचं. 25 मीटर रॅपिड फायर पिस्तूलमध्ये ती चालते, 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये विजय कुमारने त्याच प्रकारात रौप्य जिंकलं होतं.

क्लबच्या रायफलवर सराव करणाऱ्यांना परदेशातली चाचणी परवडणारी नाही. त्यांचा मार्ग साधा आहे: रेंजवर, प्रशिक्षकासमोर, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून तीन-चार लॉटच्या प्रत्येकी 10 गोळ्या झाडायच्या आणि छिद्रांमधलं अंतर पट्टीने मोजायचं.