गाठ लवकर सापडली तर

वाराणसीत बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात २०१९ मध्ये महामना पंडित मदन मोहन मालवीय कर्करोग केंद्राचे उद्घाटन झाले. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र ते चालवते. याच संस्थेच्या मुंबईतील वीस वर्षांच्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने स्तनतपासणी केली. त्यामुळे पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधील स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले.

स्तनातील गाठ लवकर सापडली, तर अनेकदा पूर्ण स्तन काढावा लागत नाही; गाठ काढून नंतर रेडिएशन देतात. शस्त्रक्रियेत काखेतील लसिका ग्रंथीही काढल्यास द्रवाचा निचरा मंदावून हात सुजू शकतो. खांदाही आखडू शकतो, त्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने व्यायाम करावा.

न दुखणारी गाठ हाताला लागली, तरी संकोच सोडा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.