बालवाडीतील स्वगते

बालवाडीच्या वर्गात घटकाभर पाहुणा म्हणून बसणाऱ्यास खरे नवल वाटते ते मुलांच्या दंग्याचे नव्हे, तर त्यांच्या संभाषणाचे; कारण एकाच सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेली चार-पाच मुले अखंड बोलत असतात आणि त्यांतील एकही दुसऱ्यास उत्तर देत नाही. मातीचा गोळा थापणारी मुलगी "आता पोळी लाटायची... फाटली मेली... परत गोळा करायचा" असे पुटपुटत असते, शेजारचा मुलगा आपल्या मामाकडे बैल असल्याचे पुनःपुन्हा जाहीर करतो, आणि पलीकडची चिमुरडी दोघांकडेही न पाहता मणी मोजताना दोनावरून थेट सातावर जाते. गंमत ही की, आपले म्हणणे कोणी ऐकले नाही अशी तक्रार एकही मूल रुजू करीत नाही.

या प्रकाराची पद्धतशीर नोंद जिनिव्हा येथील रूसो संस्थेच्या बालशाळेत ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने केली. सुमारे सहा वर्षांच्या दोन मुलांचे बोलणे महिनाभर टिपून घेतल्यावर असे दिसले की, त्यातील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कोणालाही उद्देशून नव्हते. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पियाजेने त्यास 'आत्मकेंद्री' भाषण म्हटले, आणि दुसऱ्याची दृष्टी आपल्याहून निराळी असते याची जाणीव होऊ लागली की ते आपोआप मावळते, असा निर्वाळा दिला.

मॉस्कोतील मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोट्स्की यास हा निर्वाळा मान्य झाला नाही. त्याने मुलांस चित्रे काढावयास बसवून ऐन वेळी हवी ती पेन्सिल किंवा कागद मिळणार नाही अशी तजवीज केली, तेव्हा हे एकट्याचे बोलणे जवळजवळ दुप्पट झाले. अडचण आली की मूल स्वतःशी मसलत करू लागते. साडेपाच वर्षांचा एक मुलगा ट्रामगाडी काढीत असता पेन्सिलीचे टोक मोडले. तरीही दाबून चाक गिरवण्याचा प्रयत्न त्याने करून पाहिला, मग "मोडली" एवढेच स्वतःशी म्हणून रंग उचलले आणि अपघातात मोडलेली ट्राम रंगविली! एका शब्दाने चित्राचा सारा बेत बदलला. पोरे आधी रेघोट्या ओढून मग तो हत्ती ठरवितात, हा आपल्या नित्याच्या कौतुकाचा विषय. परंतु वयाबरोबर हे नामकरण चित्राच्या शेवटाकडून मध्याकडे आणि मध्याकडून आरंभाकडे सरकत जाते, याकडे व्हिगोट्स्कीने लक्ष वेधले. कृतीच्या मागून फरफटत येणारी भाषा अशा रीतीने कृतीचा हुकूम देऊ लागते.

त्याचा दुसरा प्रयोग मला अधिक मार्मिक वाटतो. ऐकू न येणाऱ्या किंवा परकी भाषा बोलणाऱ्या मुलांमध्ये बसविताच मुलाचे हे पुटपुटणे जवळपास बंद पडले. म्हणजे उत्तराची अपेक्षा नसली, तरी शेजाऱ्यास आपले कळते आहे हे त्याने गृहीत धरलेले असते. मग त्या बोलण्यास निव्वळ आत्मकेंद्री कसे म्हणावे? व्हिगोट्स्कीच्या मते हे भाषण मावळत नाही, ते आत जाते. आपण मोठी माणसे हिशेब तपासताना मनातल्या मनात जे बोलतो, त्याचेच हे उघडे, अद्याप पडदानशीन न झालेले रूप होय.

असे असता आपल्या शाळांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेले "हाताची घडी, तोंडावर बोट" हे फर्मान गोष्ट सांगण्यापूर्वी बेशक सोडावे. मात्र मूल माती थापीत किंवा मणी ओवीत असता ते अमलात आणणे म्हणजे त्याच्या विचाराचीच जप्ती करणे होय, आणि बालवाडीच्या बाईंनी निदान तेवढ्या वेळेपुरती मुलांस बोलण्याची मुभा द्यावी.

व्हिगोट्स्की १९३४ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी क्षयाने वारला. हे प्रयोग मांडणारा त्याचा ग्रंथ त्याच वर्षी निघाला आणि पुढे लवकरच सोव्हिएत राजवटीत त्याच्या लेखनावर बंदी आली. १९६२ साली त्या ग्रंथाच्या इंग्रजी भाषांतरासोबत पियाजेने आपला अभिप्राय प्रसिद्ध केला, आणि मुलांच्या या स्वगतांतूनच पुढे मनातल्या बोलण्याचा उगम होतो, हे प्रतिपक्षाचे म्हणणे त्यात निःसंदिग्धपणे मान्य केले.