कळस आधी, पाया नंतर!

राजा आजारी पडला. वैद्य थकले, औषधं संपली. तेव्हा राणी माणिकावतीने शंकराला नवस केला, ‘राजा बरा होऊ दे, मी तुझं देऊळ बांधीन. आणि त्या देवळाचं शिखर डोळ्यांनी बघेपर्यंत अन्नाला शिवणार नाही.’

राजा झाला की बरा! पण आता आली ना पंचाईत. देऊळ म्हटलं की आधी पाया खणा, मग जोतं, मग भिंती, मग छप्पर. शिखर सगळ्यात शेवटी. तोवर राणीने काय करायचं? सगळ्या कारागिरांनी माना हलवल्या, ‘महिने लागतील महाराज.’ मग पैठणचा एक कारागीर पुढे आला. त्याचं नाव कोकस. तो म्हणाला, ‘आठवड्यात शिखर दाखवतो.’

आणि त्याने दाखवलं! कसं? त्याने देऊळ वरून खाली करायला घेतलं. सरळ डोंगराच्या माथ्यावर चढला आणि पहिल्यांदा शिखरच कोरलं. राणी जेवली. उरलेलं देऊळ मग सावकाश खाली उतरत गेलं.

ही गोष्ट ‘कथाकल्पतरु’ या जुन्या मराठी ग्रंथात आहे. राणी खरंच उपाशी बसली होती का, ते बाजूला ठेवू. पण शिखर आधी आणि पाया शेवटी असं एक देऊळ खरोखरच आहे, आणि तेही आपल्या महाराष्ट्रात. छत्रपती संभाजीनगरजवळ वेरूळला. त्याचं नाव कैलास लेणं.

बांधलेलं नाही, उरलेलं!

वेरूळच्या डोंगरात ओळीने ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. कैलास म्हणजे क्रमांक १६. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या आठव्या शतकात, याचं मुख्य काम झालं. १९८३ साली वेरूळची लेणी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

आत शिरलात की समोर एक भलंथोरलं देऊळ दिसतं. नंदीमंडप आहे, सभामंडप आहे, उंच ध्वजस्तंभ आहेत, दगडी हत्ती आहेत. शिखराची उंची साधारण ३० मीटर, म्हणजे नऊ-दहा मजली इमारतीएवढी. आता या देवळात दोन दगड जिथे जुळवले आहेत ती सांध शोधायला लागा. शोधा, शोधा! सापडणार नाही. दगडावर दगड ठेवलेलाच नाही. देऊळ, खांब, हत्ती, जिने, सगळा एकच दगड आहे. तो दगड म्हणजे डोंगर.

आपण घर बांधतो तेव्हा वस्तू आणून जोडत जातो. इथे उलट. नको तेवढा डोंगर काढून टाकला आणि जे उरलं ते देऊळ. इथला खांब कुणी उभा केलेला नाही, तो फक्त कापायचा ठेवला.

दगड आला कुठून?

त्यासाठी थोडं मागे जायला हवं. थोडं म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं!

तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉरचे अखेरचे दिवस चालू होते. आज जिथे आपण राहतो तिथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. तो पसरला, थिजला, त्याचा थर झाला. मग पुन्हा लाव्हा, पुन्हा थर. असे थरावर थर साचत गेले. काही ठिकाणी त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास आहे. सह्याद्रीचे डोंगर लांबून बघितले तर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात ना? त्या पायऱ्या म्हणजे हेच थर. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, तो हा.

सगळे थर सारखे नसतात बरं का! लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, तर दगडात भोकं राहतात. कधी पुढे त्या भोकांत पांढरी खनिजं भरतात, मग काळ्या दगडावर पांढरे ठिपके दिसतात. काही थर ठिसूळ, काहींना भेगा, तर काही भरीव आणि एकसंध. कोरायला हवा तो हा शेवटचा. म्हणजे लेणं खोदण्याआधी त्या पाथरवटांना डोंगर वाचता यायला हवा होता.

वेरूळच्या डोंगराची आणखी एक गंमत आहे. अजिंठ्याचा कडा एकदम उभा आहे, पण वेरूळचा उतार सौम्य आहे. त्यामुळे इथे डोंगरावर आरामात चढता येतं आणि वरून खाली खोदत यायला जागा मिळते. कोकसासारख्यांना आणखी काय हवं!

तीन चर आणि एक ठोकळा

आता प्रत्यक्ष काम. डोंगरावर उभे राहून त्यांनी आधी तीन मोठे चर खणायला घेतले. दोन बाजूंना दोन आणि मागे एक. ते खोल खोल गेले तसा मधे एक प्रचंड ठोकळा सुटा झाला. सुटा म्हणजे तीन बाजूंनी. खालून तो डोंगराला चिकटलेलाच होता, आणि आजही आहे. या ठोकळ्यातून मग वरून खाली कोरत यायचं. पहिल्यांदा शिखर, मग छप्पर, मग भिंती, खिडक्या, मूर्ती आणि शेवटी तळाचे हत्ती.

यात एक मोठी सोय आहे. उंच देऊळ बांधताना बांबूची परांची लागते, जड दगड वर चढवावे लागतात. इथे काहीच चढवायचं नाही. कारागीर अजून न कापलेल्या दगडावरच उभा राहतो. हातासमोरचं काम झालं की पायाखालचा दगड कापून एक पायरी खाली उतरतो. डोंगर हीच त्याची परांची!

पण एक मोठी अडचणही आहे. बांधकामात एखादा दगड चुकला तर तो काढून दुसरा बसवता येतो. इथे नंदीचं नाक उडालं की उडालं. डोंगर परत चिकटवता येत नाही.

हे आपल्याला कळलं कसं?

शाबास, हा प्रश्न विचारायलाच हवा. तिथे तर आपल्यापैकी कुणी नव्हतं. मग वरून खाली कोरलं हे कशावरून?

पुरावा मिळतो अर्धवट राहिलेल्या कामांतून. पूर्ण झालेली वस्तू आपलं गुपित लपवते, अर्धवट राहिलेली ते सांगून टाकते. तमिळनाडूत कळुगुमलै नावाचं गाव आहे. तिथल्या टेकडीत आठव्या शतकातच पांड्य राजांच्या काळात एक देऊळ कोरायला घेतलं होतं. नाव वेट्टुवन कोईल. त्याचं शिखर एकदम नीटस, मूर्तींनी भरलेलं. पण तळाकडे बघाल तर नुसता दगड! काम मधेच थांबलं आणि पाया राहून गेला. महाबलीपुरमच्या पाच रथांमध्येही, म्हणजे दगडात कोरलेल्या देवळांमध्येही, खालचे भाग बिनपुरे आहेत. वेरूळमध्येच ३० क्रमांकाचं जैन लेणं आहे, छोटा कैलास. मोठ्या कैलासासारखं करायला घेतलेलं हे काम पुरं झालेलं नाही.

दुसरा पुरावा टाकीच्या खुणांचा. पाथरवटाच्या छिन्नीला टाकी म्हणतात. आपल्याकडे म्हण आहे ना, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही! कैलासाच्या भोवतीच्या कड्यांवर या घावांच्या रेघा अजून दिसतात. म्हणजे कामाची वही कारागीर तिथेच सोडून गेले आहेत.

परग्रहवासी आणि गुणाकार

मोबाईलवर तुम्ही कधीतरी असे व्हिडिओ बघितले असतील, ‘कैलास मंदिर माणसाला बांधणं अशक्य! परग्रहवासी आले होते!’ अशा वेळी घाबरायचं नाही, वही-पेन्सिल घ्यायची.

कैलासाचं आवार सुमारे ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद आहे. मागच्या बाजूला खोली ३० मीटरहून जास्त, पुढे येताना कमी होत जाते. आपण ढोबळ मानाने सरासरी २० मीटर धरू. ८२ गुणिले ४६ गुणिले २० म्हणजे सुमारे ७५ हजार घनमीटर. त्यात देऊळ, हत्ती, खांब असं उरलेलं २० हजार घनमीटर धरून वजा करू. राहिले ५५ हजार घनमीटर. एवढा दगड काढला. एक घनमीटर बेसॉल्टचं वजन जवळपास ३ टन. म्हणजे दीड लाख टनांहून जास्त! दहा टनांच्या ट्रकने वाहायचा तर सोळा हजारांहून अधिक खेपा.

बाप रे! मग हे माणसाने कसं केलं?

पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी याचाच हिशेब मांडला होता. एक माणूस दिवसाला साधारण ४ घनफूट दगड काढू शकतो, असं त्यांनी धरलं. चार घनफूट म्हणजे सुमारे ४८ सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच ठोकळा. अशी २५० माणसं रोज कामाला असतील तर दिवसाला २८ घनमीटर दगड निघेल. आता ५५ हजाराला २८ने भागा. उत्तर येतं दोन हजार दिवसांच्या थोडं खाली, म्हणजे साडेपाच वर्षांच्या आत-बाहेर. ढवळीकरांचं उत्तरही साडेपाच वर्षं असंच होतं.

हा झाला नुसता दगड काढण्याचा वेळ. बारीक कोरीवकामाला आणखी लागला असणार. बाजूच्या काही लेण्यांचं काम तर पुढच्या राजांच्या काळातही चालू राहिलं, असं अभ्यासक सांगतात. पण अशक्य? अजिबात नाही. अडीचशे माणसं, लोखंडी टाक्या, हातोडे आणि भरपूर चिकाटी. परग्रहवासीयांना सुट्टी!

काय ठेवायचं, हे कुणी ठरवलं?

खरं कोडं ताकदीचं नाहीच. डोंगराच्या माथ्यावर उभं राहून पहिला घाव घालताना, कितीतरी मीटर खाली हत्तीची सोंड कुठे येणार हे ठाऊक असायला हवं. तेवढा दगड राखून ठेवायला हवा. हे त्यांना कसं जमलं?

एक धागा कर्नाटकात सापडतो. पट्टदकल इथे विरूपाक्ष मंदिर आहे. चालुक्य राणी लोकमहादेवीने ते कैलासाच्या थोडं आधी बांधवून घेतलं, आणि ते दगडावर दगड रचून बांधलेलं आहे. कैलासाची मांडणी त्याच्याशी खूप जुळते. विरूपाक्षाचं नातं पुन्हा कांचीच्या कैलासनाथ मंदिराशी जोडलं जातं. म्हणजे देऊळ कसं असतं, त्यात काय कुठे येतं, हे कारागिरांना आधीच्या देवळांवरून पक्कं माहीत होतं. त्यांनी फक्त पद्धत उलटी केली.

आणि त्यात एक गंमतही केली. कैलासाचा तळमजला दिसतो ना, तो खरा मजला नाहीच! आतून तो पूर्ण भरीव दगड आहे, सात-आठ मीटर उंचीचा. त्याच्या बाहेरच्या अंगाला हत्ती आणि सिंहांची रांग कोरली आहे. बघणाऱ्याला वाटतं, अख्खं देऊळ त्यांच्या पाठीवर उभं आहे. देऊळ उचलून धरलंय डोंगराने, आणि शाबासकी मिळते हत्तींना!

या कामाचं कौतुक त्या काळातही होतं. बडोद्याला इसवी सन ८१२चा एक ताम्रपट मिळाला. त्यात या देवळाचं वर्णन आहे. आकाशातून जाणारे देवही हे बघून चकित झाले, आणि ज्याने ते घडवलं त्यालाच नंतर प्रश्न पडला की आपण हे केलं तरी कसं, अशा अर्थाचं!

गेलात तर हे शोधा

वेरूळला सहल गेली तर नुसते फोटो काढून परत येऊ नका. शोधमोहीम काढा.

• पांढरे डाग शोधा. कैलासावर एकेकाळी पांढरा गिलावा आणि वर रंगकाम होतं. बर्फाच्छादित कैलास पर्वत म्हणजे पांढराच की! या लेण्याला रंगमहाल असंही म्हणत. गिलाव्याचे तुकडे अजून काही ठिकाणी टिकून आहेत.

• दक्षिणेच्या भिंतीवर रामायण आणि उत्तरेच्या भिंतीवर महाभारत ओळी-ओळींनी कोरलं आहे, चित्रकथेसारखं. त्यात हनुमान किती वेळा येतो ते मोजा.

• दक्षिणेच्याच बाजूला कैलास पर्वत हलवणारा रावण आहे. वर बसलेले शंकर-पार्वती कसे वागताहेत ते नीट बघा. दोघांच्या चेहऱ्या-हातांत फरक आहे.

• डोंगराच्या अंगाने वर जाऊन खाली डोकवा. सभामंडपाच्या छतावर मोठं कमळ आणि त्याभोवती सिंह आहेत.

एक नियम मात्र पाळायचा. मूर्तींना हात लावायचा नाही आणि भिंतीवर नाव तर मुळीच कोरायचं नाही. टाकी चालवायचा अधिकार ज्यांचा होता, त्यांनी स्वतःचं नाव कुठे मोठ्या अक्षरात लिहून ठेवलेलं नाही.

करून बघा

अंगाच्या साबणाची एक नवी वडी, आईस्क्रीमची लाकडी काडी आणि मदतीला घरातलं मोठं माणूस, एवढंच साहित्य. साबण उभा धरा आणि हत्ती कोरा. अट एकच. वरून सुरुवात करायची, खालचा भाग आधी शिवायचा नाही आणि तुटलेलं काही चिकटवायचं नाही. सोंडेसाठी जागा राखायला विसरलात तर बिनसोंडेचा हत्ती पत्करायचा!

झाल्यावर कीस फेकू नका. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आधी हत्ती ठेवा, मग कीस. वडीच्या किती भाग साबण तुम्ही काढलात? आपल्या ढोबळ हिशेबात कैलासाच्या चार भागांपैकी जवळपास तीन भाग दगड निघून गेला होता. तुमच्या हत्तीचं उत्तर किती येतं ते आम्हाला पत्राने कळवा, आणि सोंड शाबूत राहिली की नाही तेही लिहा.