खालचा थर दाखवा

कॅसलरॉकला पावसाची जोराची सर आली की टीव्हीवरचं चित्र आधी चौकोनांत फुटतं आणि मग निळं होतं. छपरावरच्या डिशला मिळणाऱ्या लहरी दाट पावसात शोषल्या जातात, त्यामुळे ही अडचण डिश लावलेल्या कुठल्याही गावाला आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या या गावाला मात्र ती आषाढ-श्रावण पुरते. सर ओसरली की चित्र परत येतं आणि पोरं जिथं होती तिथंच बसलेली असतात.

जोयडा तालुक्यातलं हे गाव गोव्याच्या सीमेला अगदी टेकून आहे. या तालुक्याचं जुनं नाव सुपा. काळी नदीवर धरण झालं आणि सुपा गाव पाण्याखाली गेलं. गोवा पोर्तुगीजांकडे होता तेव्हा मुरगावहून येणारा त्यांचा लोहमार्ग 1888 पासून इथं ब्रिटिश हद्दीतल्या रुळांना मिळत असे. आजही गावाचं सगळं वेळापत्रक स्टेशनभोवतीच फिरतं. घरात मराठी नाहीतर कोकणी आणि शाळेत कन्नड अशा या टापूत प्रो कबड्डीच्या दिवसांत बेंगळुरू बुल्सच्या बाजूचे कोण आणि यू मुम्बाच्या बाजूचे कोण, यावर एकाच ओसरीवर वाद होतो. कबड्डी पोरांना अंगणात ठाऊक होतीच, पण चढाईला तीस सेकंद असतात हे त्यांना टीव्हीनं शिकवलं.

म्हणून एक प्रश्न मला बरेच दिवस छळतो आहे. एकमेकांच्या खांद्यावर उभं राहण्याचे, हवेत फेकून झेलण्याचे, खांबावर आणि दोरीवर चढण्याचे खेळ आपल्याकडे इतके आहेत. टीव्हीवर त्यांची हक्काची जागा का नाही? अमेरिकेत चीअरलीडिंगच्या स्पर्धांना ती मिळाली. ती कशी मिळाली हे आपण नीट पाहायला हवं, कारण त्यात घेण्यासारखं जितकं आहे तितकंच टाळण्यासारखंही आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. चीअरलीडर म्हटलं की आपल्याला 2008 ची पहिली आयपीएल आठवते, सीमारेषेबाहेर नाचणाऱ्या मुली आठवतात आणि त्यावरून तेव्हा महाराष्ट्रात झालेला गदारोळ आठवतो. स्पर्धात्मक चीअरलीडिंगचा त्याच्याशी फारसा संबंध उरलेला नाही. तिथं प्रोत्साहन द्यायला दुसरा सामनाच नसतो, संघ स्वतःच स्पर्धेला उतरतो. 54 फूट लांब आणि 42 फूट रुंद गादीवर साधारण अडीच मिनिटांत कोलांट्या, उड्या, फेक-झेल, मनोरे आणि नाच सलग करायचे. काठिण्य किती आणि सफाई किती, यावर पंच गुण देतात. कोणी पडलं तर गुण कापतात. या खेळाची सुरुवात पुरुषांनी केली. 1898 मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्पबेल नावाच्या विद्यार्थ्यानं प्रेक्षकांना घोषणा द्यायला लावलं, तिथं याची मुळं आहेत. त्याच खेळाच्या जागतिक संघटनेला 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं पूर्ण मान्यता दिली.

आता टीव्ही. 1978 मध्ये सीबीएस वाहिनीनं महाविद्यालयीन चीअरलीडिंगची स्पर्धा देशभर दाखवली. पुढच्या वर्षी, 7 सप्टेंबर 1979 रोजी, फक्त खेळांना वाहिलेली ईएसपीएन सुरू झाली. खेळांच्या वाहिनीपुढचा पहिला प्रश्न पैशाचा असतोच, पण दुसरा तितकाच मोठा असतो, तो तासांचा. दिवसाचे चोवीस तास भरायचे कशानं? मोठ्या सामन्यांचे हक्क महाग आणि सामने मोजके. अशा रिकाम्या तासांत लहान खेळांना दार उघडलं आणि ऐंशीच्या दशकात चीअरलीडिंगच्या राष्ट्रीय स्पर्धा ईएसपीएनवर नेमानं दिसू लागल्या. दाखवणाऱ्याला तास हवे होते आणि खेळणाऱ्याला पडदा हवा होता, तेव्हा दोघांचं जमलं.

पडद्यावर आल्यावर खेळ बदलला. संगीत वेगवान झालं, मनोरे उंच झाले, फेक अधिक वर गेली. मार्च 2006 मध्ये सदर्न इलिनॉय विद्यापीठाची क्रिस्टी यामाओका बास्केटबॉल सामन्यात मनोऱ्यावरून डोक्यावर पडली. मान बांधून तिला स्ट्रेचरवरून नेत असताना बँडनं विद्यापीठाचं गीत सुरू केलं आणि ती पडल्या पडल्या हातांनी ठेका धरू लागली. ते दृश्य अमेरिकेनं टीव्हीवर पुन्हा पुन्हा पाहिलं. कौतुक झालं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे लगेच निर्बंध आले आणि कठीण जमिनीवरच्या धोकादायक फेकी बंद झाल्या. कॅमेऱ्यानं उंचीची हाव वाढवली हे खरं. पडणं लपू दिलं नाही तेही कॅमेऱ्यानंच.

अमेरिकेची वाट पुढं एका ठिकाणी चुकली, असं माझं मत आहे. शिबिरं, गणवेश, स्पर्धा आणि प्रक्षेपण असं सगळंच हळूहळू वर्सिटी या एका उद्योगसमूहाच्या हाती गेलं. त्यावर मक्तेदारीचे दावे झाले आणि तडजोडीपोटी कंपनीला कोट्यवधी डॉलर मोजावे लागले. याचा एक परिणाम तर पडद्यावरच दिसला. 2020 मध्ये नेटफ्लिक्सवर 'चीअर' ही मालिका आली. टेक्सासमधल्या नवारो कॉलेजचा संघ डेटोनाच्या स्पर्धेची तयारी करतो, एवढीच तिची गोष्ट. मैदानावरचा खेळ जेमतेम सव्वादोन मिनिटांचा, पण तयारीवर सहा भाग! आणि प्रत्यक्ष स्पर्धेच्या वेळी मालिकेचे कॅमेरे आत येऊ दिले नाहीत, कारण प्रक्षेपणाचे हक्क वर्सिटीकडे होते. प्रेक्षकांनी घेतलेल्या मोबाइलच्या चित्रणावर भागवावं लागलं.

तरीही ती मालिका जगानं पाहिली, आणि माझ्या म्हणण्याचं मूळ इथंच आहे. ती सव्वादोन मिनिटं लोकांना थरारक वाटली कारण त्याआधी कित्येक तास त्यांनी खालच्या मुलांचे खांदे पाहिले होते. कोण कुणाला झेलतो, कुणाचं मनगट दुखतंय, एक पाऊल चुकलं तर वरची मुलगी कुठं जाईल, हे सगळं त्यांना ठाऊक झालं होतं.

कबड्डीला याची इतकी गरज पडली नाही. 26 जुलै 2014 रोजी प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा खेळाडू बाद झाला की नाही हे आजीलाही दिसत होतं. टीव्हीनं सेकंद मोजणारं घड्याळ दिलं, तिसऱ्या चढाईला गुण आणायची सक्ती दिली आणि पहिल्याच हंगामात प्रेक्षकांचा आकडा 43 कोटींपुढे गेल्याचं जाहीर झालं. खो-खोचंही तसंच. 2022 मध्ये पुण्यात बालेवाडीला लीग झाली, जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला आणि प्रतीक वाईकर व प्रियंका इंगळे या मराठी कर्णधारांच्या संघांनी नेपाळला हरवून दोन्ही विजेतेपदं आणली. या खेळांत गुण डोळ्यांना दिसतो.

मल्लखांबात तो दिसत नाही. एरंडेल चोळलेल्या गुळगुळीत लाकडावर मुलगा एका पायाच्या पकडीवर उलटा तोलला जातो तेव्हा पाहणारा 'वा' म्हणतो आणि थांबतो. शेजारच्या संघाला जास्त गुण का मिळाले हे त्याला कळत नाही, आणि जे कळत नाही त्याच्या बाजूनं कोणी ओरडत नाही. पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी नव्यानं उभी केलेली ही विद्या शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरानं जगापर्यंत नेली. 2019 मध्ये तिथंच जागतिक स्पर्धा झाली, 2024 मध्ये तिथलेच प्रशिक्षक उदय देशपांडे यांना पद्मश्री मिळाली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं तर 1936 मध्ये बर्लिनला देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. ऑलिम्पिक पहिल्यांदा टीव्हीवर दिसलं तेही 1936 चं बर्लिनचंच. म्हणजे टीव्ही आणि आपले खेळ एका शहरात, एका उन्हाळ्यात होते. त्याला नव्वद वर्षं होत आली.

मग आपली मुलं पडद्यावर दिसतात कुठं? परक्याच्या मंचावर. मुंबई परिसरातल्या वस्त्यांमधला 'व्ही अनबीटेबल' हा संघ 2019 मध्ये 'अमेरिकाज गॉट टॅलेंट'मध्ये गेला आणि फेब्रुवारी 2020 मध्ये त्याच कार्यक्रमाच्या 'चॅम्पियन्स' पर्वात पहिला आला. हवेत उंच फेकलेली मुलं, त्यांना झेलणारे हात; चीअरलीडिंगच्या कुठल्याही जागतिक संघानं मान द्यावा असं कसब. त्यांच्या नावातलं 'व्ही' हे सरावात पडून दगावलेल्या साथीदाराच्या नावाचं आद्याक्षर आहे. छत्तीसगडच्या अबुझमाडमधल्या आदिवासी मुलांचा मल्लखांब संघही 2023 मध्ये 'इंडियाज गॉट टॅलेंट' जिंकूनच देशाला कळला. या मुलांना परीक्षकांची टाळी मिळाली. त्यांच्या खेळाला मात्र नियम सांगणारा समालोचक मिळाला नाही, पुढच्या रविवारी पुन्हा भेटू म्हणणारं वेळापत्रकही मिळालं नाही.

आणि गोविंदा. दहीहंडीच्या दिवशी मराठी वाहिन्या दिवसभर ठाणे-दादर-घाटकोपर दाखवतात, पण कॅमेरा निम्मा वेळ मंचावरच्या पाहुण्यांवर आणि उरलेला वेळ वरच्या एक्क्यावर असतो. 2012 मध्ये ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकानं नऊ थरांचा 43.79 फुटांचा मनोरा रचून गिनीज विक्रम केला. 2025 मध्ये ठाण्यातच दहा थर लागले. तो भार तळात मान खाली घालून उभ्या असलेल्या ज्या गड्यांनी पेलला त्यांचे चेहरे आपण पाहिलेत का? त्यांना हंडी दिसतही नाही. वरचा खाली कोसळला की आधी त्यांच्याच मानेवर येतो.

न्यायालयांनी या प्रश्नात बराच काळ लक्ष घातलं. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं उंचीला 20 फुटांची आणि वयाला 18 वर्षांची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयात ती सैल झाली, पुन्हा आवळली गेली आणि 2017 मध्ये उच्च न्यायालयानं उंचीचं बंधन काढून वय 14 वर आणलं. 2022 मध्ये राज्य सरकारनं याला खेळाचा दर्जा दिला, मृत्यू झाल्यास 10 लाखांची मदत जाहीर केली. 2023 पासून वरळीला बंदिस्त स्टेडियममध्ये प्रो-गोविंदा होऊ लागली. पावलं योग्य दिशेची आहेत, पण दर्जा दिल्यानं प्रेक्षकाची नजर तयार होत नाही.

ती कशी होते ते स्पेनमधल्या कॅटलोनियात दिसतं. तिथले मानवी मनोरे, ज्यांना ते 'कास्टेल' म्हणतात, 2010 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेले. दर दोन वर्षांनी तारागोना शहरात त्यांची मोठी स्पर्धा भरते. प्रत्येक रचनेचे गुण आधीच ठरलेले असतात, आणि मनोरा नुसता उभा केला तर कमी गुण, सगळे थर सुखरूप खाली उतरवले तर जास्त. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. त्यामुळे लहान मूल वर पोचल्यावर प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडत नाही, शेवटचा थर उतरेपर्यंत धरून ठेवतो. हंगामभर ठिकठिकाणी मनोरे होतात आणि तिथली स्थानिक भाषेतली वाहिनी ते दाखवते, त्यामुळे पोरांनाही कुठल्या रचनेला किती भाव हे पाठ असतं.

आपल्याकडे अशी स्वतंत्र वाहिनी लगेच निघावी असं मी म्हणणार नाही. वर्षभराचे तास भरायला वर्षभराच्या स्पर्धा लागतात. गोविंदाचा सण एक दिवसाचा आहे, मल्लखांबाच्या राज्य-राष्ट्रीय स्पर्धा काही दिवसांच्या. आधी वाहिनी काढली तर ती तीच ती दृश्यं फिरवेल आणि सहा महिन्यांत बंद पडेल. गोव्यातल्या कुळ्याहून कॅसलरॉककडे घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात, कारण चढ 37 फुटांना एक फूट आहे. पुढचं इंजिन कितीही दमदार असलं तरी एकट्यानं तो चढ निभत नाही. वाहिनी हे पुढचं इंजिन झालं. मागून ढकलणारी इंजिनं म्हणजे तालमी, शाळा, पंच आणि स्पर्धांचं वेळापत्रक.

सुरुवात साधी आहे आणि तिला खर्चही मोठा नाही. दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी डीडी फ्री डिशवर मासिक भाड्याशिवाय दिसते, कॅसलरॉकच्या छपरावरही. तिनं आठवड्याला अर्धा तास द्यावा. एका रविवारी शिवाजी पार्कचा मल्लखांब, एका रविवारी जोगेश्वरीच्या पथकाचा रात्रीचा सराव, कधी वस्तीतल्या एखाद्या नृत्यकसरत संघाची तालीम. एक कॅमेरा जमिनीलगत ठेवावा. खेळलेला माणूस समालोचनाला बसवावा, त्यानं पकड कुठली, गुण कशाला, कापले कशाला हे सोप्या मराठीत सांगावं. कोणी पडलं तर ते कापू नये. गादी किती जाड होती, हेल्मेट होतं का, झेलणारे कुठं चुकले हे दाखवावं. राज्य संघटनांनी या चित्रणाचे हक्क कुणा एकाला विकून टाकू नयेत, शाळांना ते फुकट मिळू द्यावेत.

सह्याद्रीचे अधिकारी, मल्लखांब संघटना आणि गोविंदा पथकांची समन्वय मंडळी हे वाचत असतील तर त्यांना माझी विनंती आहे: पुढच्या गोकुळाष्टमीची वाट पाहू नका. सराव गुरुपौर्णिमेपासून सुरू होतो. पहिला कॅमेरा तिथं न्या आणि आधी खालचा थर दाखवा.