सायकल भिंतीला टेकते तो दिवस

३ जूनला जागतिक सायकल दिन असतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ साली तो जाहीर केला, तेव्हापासून दर वर्षी सकाळच्या फेऱ्या निघतात आणि इंधनबचतीवर भाषणे होतात. ते सगळे वाचकांना पाठ आहे. मला बोलायचे आहे लांबच्या सायकलयात्रेतल्या सुट्टीच्या दिवसाबद्दल, आणि तो घालवण्यासाठी मनात धरलेल्या एका गावाबद्दल.

पाच-सहा दिवस रोज शंभर किलोमीटर सायकल मारली की मांड्यांतला ग्लायकोजेनचा साठा तळाला जातो. भात-भाकरी पोटभर खाऊनही तो पुरता भरायला साधारण एक दिवस लागतो. गुडघ्याचे स्नायुबंध आणि खोगिरावर घासलेली कातडी त्याहून जास्त वेळ मागतात. साखळी पुसून तेल द्यायचे असते, ब्रेकचे रबर बघायचे असते, कपडे वाळवायचे असतात. हे सारे दहा वाजेपर्यंत उरकते. पुढे अख्खा दिवस रिकामा असतो, आणि पायी फिरताना गाव दिसते ते त्या दिवशीच.

१९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जग बघायला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८ साली सुमारे ७१ हजार किलोमीटर पार करून परतले. बाबा आमट्यांच्या ‘भारत जोडो’त १९८५च्या डिसेंबरात तरुण कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलवर निघाले. मुक्कामाच्या गावी माणसांना भेटणे हे तर त्या यात्रेचे कामच होते. चाके फिरतात ती अशा मुक्कामांसाठी, असे मी मानतो.

पूर्वेकडे निघालेले आजचे सायकलस्वार नागपूरला विश्रांती घेतात आणि भंडारा, साकोली, देवरी करत थेट रायपूर गाठतात. गोंदिया उत्तरेला राहून जाते. माझा आग्रह आहे की देवरीला डावीकडे वळा, आमगावमार्गे कामठ्याला या आणि सुट्टी तिथे घ्या. नागपूरजवळची छावणीची कामठी वेगळी. हा गोंदिया जिल्ह्यातला कामठा, जुन्या जमीनदारीचा.

या गावाचे नाव मराठी राज्याच्या अखेरच्या लढायांत येते. सीताबर्डीची लढाई १८१७च्या नोव्हेंबरात झाली, नागपूरकर आप्पासाहेब भोसले पुढे इंग्रजांच्या कैदेत पडले आणि १८१८च्या मे महिन्यात पहाऱ्यातून निसटून महादेवाच्या डोंगरात गेले. त्यांच्या बाजूने कामठ्याचे जमीनदार चिमणा पाटील उठले. कॅप्टन गॉर्डनची तुकडी त्याच वर्षी कामठ्यावर चालून आली आणि तिने ते जिंकले. व्हॅलेंटाइन ब्लॅकर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२१ साली छापलेल्या युद्धवृत्तांतात या गावाची नोंद ‘कॉम्प्टा’ अशी केली. जमीनदारी चिमणा पाटलांच्या कुणबी घराण्याकडून गेली आणि लोधी घराण्याकडे आली. पेशवाई बुडाल्याची तारीख आपली मुले पाठ करतात. धानाच्या मुलखातल्या एका पाटलाने त्याच वर्षी इंग्रजी फौज अंगावर घेतली, हे त्यांना कोण सांगणार?

गाव बघायला घाई नको. सकाळी लहरी आश्रमात जावे, मग पारावरच्या जाणत्या माणसापाशी बसून जमीनदारीचा विषय काढावा. दुपारी जवळच्या बिरसीकडे पाय मोकळे करावेत. तिथली धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली आणि आज ती गोंदियाचे विमानतळ आहे. चिमणा पाटलांचा रणसंग्राम आणि महायुद्धाची धावपट्टी एकाच दिवसाच्या फेरफटक्यात बसतात, अशी गावे महाराष्ट्रात मोजकीच असतील.

वाटेवर धानाच्या बांध्या लागतात आणि मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलावांच्या नावात ‘माजी’ आले, पण धानाला पाणी आजही त्यांचेच. नशीब असेल तर सारसाची जोडी दिसते. महाराष्ट्रात हा पक्षी मुख्यतः याच जिल्ह्यात उरला आहे. रात्री नव्या तांदळाचा भात जेवावा. रिकाम्या मांड्यांना दुसरे औषध नको.

जूनच्या उकाड्यात हे जमणार नाही. दिवाळीनंतर, धानकापणीच्या दिवसांत यावे. जिल्ह्याकडे मागणे थोडेच आहे: सायकलस्वाराला रात्री टेकायला एक खोली, पंप आणि पंक्चरचे सामान, आणि भिंतीवर १८१८ची हकीकत ठळक मराठीत. पुढच्या ३ जूनला फेरीऐवजी त्या खोलीचे दार उघडावे. फेरी तासाभरात संपते. खोलीत उतरलेला माणूस दुसऱ्या दिवशी चिमणा पाटलांचे नाव घेऊन पुढच्या गावाला जाईल.